धंदा : शेती

लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून

कचेरींत कोणाचाहि जबाब लिहावयाचा झाला म्हणजे त्याची पहिली ओळ ठरलेली असते. नांव अमुक, वय इतकें, धंदा अमुक, राहणार अमुक गांव, तालुका व जिल्हा अमुक. समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतों कीं, इत्यादि. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत कारकुनी करतांना हजारों जबाब, प्रतिज्ञालेख, वारसांचे अर्ज व पंचनामे याच सुरुवातीनें लिहिले. त्यांतील ‘धंदा’ या शब्दापुढें बहुतेक वेळां एकच शब्द पडे. तो म्हणजे ‘शेती’. लिहून लिहून हाताला त्याची इतकी संवय झाली होती कीं, पुष्कळदां समोरच्या माणसाला न विचारतांच तो शब्द कागदावर उतरे. गेल्या वर्षीं वयाचीं ५८ वर्षें पुरीं होऊन मी नोकरींतून मोकळा झालों. आतां घरीं बसलों असतां एक विचार मनांत वारंवार येतो. ज्या शब्दाची नोंद मीं इतकीं वर्षें केली, तो उच्चारतांना त्या माणसाच्या मनांत काय होत असेल, याकडे मीं फारसें लक्ष दिलें नाहीं. तो विचार आपल्या मासिकाच्या वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आठवूं लागलों म्हणजे मुख्यतः दोन प्रकारचीं उत्तरें आठवतात. नोकरीच्या पहिल्या वर्षांत वृद्ध खातेदारांस धंदा विचारला असतां ते ‘शेती’ असें म्हणत आणि ‘दुसरें काय असणार?’ असा उलट आम्हांलाच प्रश्न करीत. त्यांत अभिमान होता असें मी म्हणणार नाहीं. पण संकोचहि नव्हता. अलीकडच्या दहापंधरा वर्षांत मात्र तिशीच्या आंतबाहेरच्या मुलाला तोच प्रश्न केला तर उत्तर येई, ‘कांहीं नाहीं, घरींच असतों.’ घरीं म्हणजे काय करतोस, असें पुन्हां विचारावें तेव्हां खालच्या आवाजांत ‘शेती बघतों’ असें तो सांगे. रात्रीच्या विजेची पाळी धरून, पिकाला पाणी देऊन आलेला आणि पायाचा चिखल अजून न वाळलेला मुलगा ‘मी कांहीं करीत नाहीं’ असें सांगतो, ही गोष्ट लहान नव्हे.

तिसरें उत्तर बायकांचें. तें आम्हीं कधीं विचारलेंच नाहीं. वारसाच्या नोंदीसाठीं एखादी बाई समोर उभी राहिली कीं ‘धंदा : घरकाम’ असें लिहून आम्ही मोकळे होत असूं. ती खुरपें बाजूला ठेवून तशीच आलेली असे, हातांवर कापसाच्या बोंडांचे ओरखडे असत. तरी कागदावर घरकामच. हा दोष मी दुसऱ्या कोणावर लादीत नाहीं. अक्षर माझें होतें.

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्यापैकीं प्रत्येकानें लहानपणीं ऐकली आहे. ती आज उलटी झाली आहे, हें सांगण्यास कोणा पंडिताची गरज नाहीं. तरी पुराव्यादाखल दोन गोष्टी देतों. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीनें २००३ सालीं आपल्या ५९ व्या फेरींत देशभरच्या शेतकरी कुटुंबांस त्यांच्या धंद्याविषयीं विचारलें होतें. शेंकडा ४० शेतकऱ्यांनीं सांगितलें कीं, निवड करावयास मिळाली असती तर आम्हीं दुसरा धंदा धरला असता. शेंकडा २७ जणांनीं शेती न आवडण्याचें कारण ती फायद्याची नाहीं असें दिलें. दुसरी गोष्ट आपल्या राज्यांतली. २०२३ सालीं तलाठ्यांच्या साडेचार हजारांवर जागा भरण्याकरितां परीक्षा झाली, तिला दहा लाखांवर अर्ज आले. म्हणजे एका जागेमागें दोनशेंहून अधिक उमेदवार. त्यांतले जे माझ्या ओळखीचे होते, त्यांच्या बापांचीं नांवें सातबारावर मीं स्वतः वाचलेलीं आहेत. ज्या कचेरीची पायरी चढतांना बापाच्या पोटांत गोळा येई, त्याच कचेरींत खुर्ची मिळावी म्हणून मुलगा तालुक्याच्या अभ्यासिकेंत पांच पांच वर्षें घालवीत आहे.

लग्नाच्या बैठकींत काय चालतें तें वाचकांस ठाऊकच आहे. ‘मुलगा नोकरीला पाहिजे, घरीं शेती असली तर बरें.’ म्हणजे जमीन हवी, पण ती कसणारा नको. हें बोलणारे कोणी परके लोक नाहींत. मुलीचे बाप असतांना आपणच तें बोलतों, आणि मुलाचे बाप झालों म्हणजे त्याच बोलण्याचें आपल्याला दुःख होतें.

आतां घरची गोष्ट सांगतों, कारण हा विषय मजपुढें घरांतूनच आला. आम्ही दोघे भाऊ. दोघांचेंहि शिक्षण गांवच्या मराठी शाळेंतलें, सातवीपर्यंतचें. गणितांत धाकटा माझ्या पुढें होता. तोंडी हिशेबाला मास्तर नेहमीं त्यालाच उभा करीत. माझें अक्षर मात्र चांगलें होतें. वडिलांनीं निवाडा केला कीं, ज्याचें अक्षर चांगलें त्यानें कचेरी पहावी आणि ज्याचें अंग चांगलें त्यानें शेत पहावें. त्या निवाड्यावर अपील नव्हतें. मी कचेरींत चिकटलों आणि भाऊ अकरा एकरांवर राहिला. वडिलांच्या पश्चात् सातबारावर दोघांचीं नांवें लागलीं. कसणारा तो एकटाच. दर वर्षीं सुगी झाली म्हणजे मी जाऊन ज्वारीचें पोतें घेऊन येत असें. त्याचे पैसे मीं कधीं दिले नाहींत आणि त्यानें कधीं मागितले नाहींत.

भावाचा मुलगा पदवीधर आहे. आज त्याचें वय २९. नोकरीच्या परीक्षा त्यानें चार वेळां दिल्या. दोनदां थोडक्या गुणांनीं हुकला. गेल्या चैत्रांत भावानें मला गांवीं बोलावून घेतलें व म्हणाला, ‘अण्णा, तुम्हीच त्याला समजावून सांगा. माझ्यानें आतां एकट्यानें होत नाहीं. निम्में रान बटाईनें द्यायची पाळी आली आहे.’ मी मुलाला घेऊन बांधावर बसलों. नोकरींत कांहीं राम नाहीं, आपली शेती ती आपली, स्वतंत्र धंदा तो स्वतंत्र, असा उपदेश मीं सुरू केला. त्यानें तो शांतपणें ऐकून घेतला आणि म्हणाला, ‘अण्णा, पगार थोडा असला तरी तो आपल्या हातांत पडतो. इथें मी दादांचा बिनपगारी गडी आहें. गाडींत तेल टाकायला शंभर रुपये लागले तर मागावे लागतात, आणि कशाला पाहिजेत तेंहि सांगावें लागतें. तुम्हांला दरमहा निवृत्तिवेतन येतें, म्हणून तुम्हांला शेती गोड लागते.’

मला उत्तर सुचलें नाहीं. तें शोधण्याकरितांच हा लेख लिहीत आहें, असें म्हटलें तरी चालेल.

शेतकऱ्याला आपल्या धंद्याचा अभिमान उरला नाहीं, तो पुन्हां उत्पन्न करावा, असें पुष्कळांचें मत आहे. सभांतून त्याला बळिराजा व जगाचा पोशिंदा म्हणण्याचा प्रघातहि त्यामुळेंच पडला असावा. मला हें मत पटत नाहीं. अभिमान हा व्याख्यानांनीं येत नाहीं. सुगी झाल्यावर हातांत चार पैसे राहिले म्हणजे तो आपण होऊन मागोमाग येतो. १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं व दंग्याचें लोण पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलें. त्यावर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ सालीं लिहून पुरा केला. त्या वेळचा राग सावकारावर होता व कचेरीवर होता, नांगरावर नव्हता. आज सावकाराची जागा बऱ्याच अंशीं सोसायटीनें व बँकेनें घेतली आहे, कुळकायद्यानें १ एप्रिल १९५७ रोजीं कसणाऱ्याला मालक केलें, आणि तरीहि राग नांगरावर आला आहे. याचें कारण मनांत शोधण्यापेक्षां आंकड्यांत शोधणें बरें.

आपल्या राज्यांत १९७०-७१ च्या कृषि गणनेंत दर खातेदाराची सरासरी वहिवाट ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या गणनेंत ती १.३४ हेक्टर भरली. म्हणजे साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले. बांध तेच, विहीर तीच, वाटेकरी वाढले. पुढें २०१८-१९ च्या पाहणींत देशांतील शेतकरी कुटुंबाचें सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आढळलें. त्यांत पिकाचे निव्वळ ३,७९८ आणि मजुरी व पगाराचे ४,०६३ रुपये होते. वाचकहो, हे दोन आंकडे शेजारी ठेवून पहावे. ज्याच्या जबाबांत आम्ही ‘धंदा : शेती’ लिहितों, त्या सरासरी शेतकऱ्याच्या घरीं पिकापेक्षां मजुरीचा व पगाराचा पैसा अधिक येतो. शिरगणतीचा पुरावाहि असाच आहे. १९५१ सालीं देशांत सुमारें ७ कोटि शेतकरी व पावणेतीन कोटि शेतमजूर होते. २०११ सालीं शेतकरी ११ कोटि ८८ लक्ष आणि शेतमजूर १४ कोटि ४३ लक्ष झाले. शेतांत राबणाऱ्यांत मालकांपेक्षां मजूर अधिक होऊन बसले.

यावर भावाची तऱ्हा निराळीच. २०२३ च्या फेब्रुवारींत सोलापूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्यानें ५१२ किलो कांदा बाजारांत नेला; भाडें, हमाली व तोलाई वजा जातां त्याच्या हातांत दोन रुपयांचा चेक पडला. ही बातमी त्या वेळीं सर्वत्र गाजली. परंतु ज्यांनीं कांदा पिकविला आहे त्यांना तिचें आश्चर्य वाटलें नसेल. पट्टी हातांत आल्यावर उलट गाडीभाड्याचे पैसे पदरचे भरून घरीं यावें लागलें, असे अनुभव आपल्या वाचकांपैकीं अनेकांच्या गांठीं असतील. असा दिवस पाहिलेल्या बापाचें तोंड ज्या मुलानें पाहिलें, त्याला धंद्याचा अभिमान धर म्हणून सांगणें ही थट्टा आहे.

आतां नोकरीचीहि बाजू खरी सांगितली पाहिजे. कारण तरुण मंडळी तिच्याकडे लांबून पाहतात. महिन्याच्या सुरुवातीला पगार होतो, हें सुख खरें आहे आणि मोठें आहे. पाऊस पडो न पडो, तो होतो. मुलांच्या शाळेची फी, आईचें औषध, घराचे हप्ते हें सर्व त्याच्या आधारावर आधीं ठरवितां येतें. या सुखास मी कमी लेखणार नाहीं. परंतु त्याची किंमतहि द्यावी लागते. मार्चअखेरची वसुली, जुलैअखेर महसुली वर्ष संपण्याच्या वेळचा ताळेबंद, निवडणुकीच्या याद्या, वरिष्ठांचा दौरा, यांपैकीं एकहि काम आपलें म्हणून वाटत नाहीं. आणि कधीं कधीं तर हात आपला व लिहिणें दुसऱ्याचें, अशी स्थिति येते. गारपिटीच्या नुकसानीला मदत मिळण्यास पूर्वीं शेंकडा ५० नुकसान व्हावें लागे. २०१५ पासून ती मर्यादा ३३ वर आली. पंचनाम्यास गेलों असतां एका डाळिंबाच्या बागेंत आम्हीं फळें मोजलीं व नुकसान ३० भरलें. मीं ३० लिहिलें. नियमाप्रमाणें तें बरोबर होतें. बागवाला भांडला नाहीं. त्यानें पंचांना चहा दिला आणि ‘लिहा साहेब, तुमचा काय दोष’ असें म्हणाला. त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. नियम पाळल्याचें समाधान मिळावयास पाहिजे होतें, तें मिळालें नाहीं.

उलट सुखाचे प्रसंगहि आले. एका विधवेचें नांव दिरांच्या हरकतीमुळें पुष्कळ दिवस सातबारावर लागत नव्हतें. नोंद मंजूर होऊन उतारा तिच्या हातांत दिला तेव्हां तिनें तो वाचला नाहीं, कारण तिला वाचतां येत नव्हतें. तिनें तो कपाळाला लावला. माझ्या सर्व नोकरींत मला माझें काम आवडलें असे दिवस मोजके, त्यांत तो एक. सारांश, नोकरींत पगार ठरलेला असतो, पण काम परक्याचें असतें. शेतींत काम आपलें असतें, पण पगार ठरलेला नसतो. माणसाला दोन्ही हवेंसें वाटतें आणि दोन्ही एके ठिकाणीं क्वचितच मिळतें. तरुणांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. १ नोव्हेंबर २००५ रोजीं व त्यानंतर सरकारी नोकरींत लागलेल्यांस सामान्यतः माझ्यासारखें जुनें निवृत्तिवेतन लागू नाहीं. ज्या नोकरीचें चित्र ते माझ्याकडे पाहून रंगवितात, ती नोकरी तशीच्या तशी आतां राहिलेली नाहीं.

मग करावें काय? भाव, पाणी, वीज व बाजार यांविषयीं सरकारकडे मागणें मांडण्याचें काम आपला संघ करीतच आहे व तें केलेंच पाहिजे. परंतु कांहीं गोष्टी अशा आहेत कीं त्या आपल्या उंबऱ्याच्या आंतल्या आहेत आणि त्यांना कोणत्याहि मंजुरीची गरज नाहीं. त्याच मला येथें सांगावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट हिशेबाची. हमीभाव ठरविण्यासाठीं केंद्राचा कृषि खर्च व मूल्य आयोग उत्पादनखर्च निरनिराळ्या प्रकारांनीं धरतो. बियाणें, खत, औषध, मजुरी इत्यादींवर पदरचा जो खर्च झाला तो एक. त्याला ए-२ म्हणतात. त्यांत घरच्या माणसांच्या कष्टांची मजुरी मिळविली म्हणजे दुसरा. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व गुंतविलेल्या भांडवलाचें व्याज हेंहि धरलें म्हणजे तिसरा, तो सी-२. स्वामिनाथन् यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगानें खर्चावर निदान ५० टक्के अधिक भाव द्यावा अशी शिफारस केली. सरकारनें २०१८ च्या अंदाजपत्रकांत दीडपट भावाची घोषणा केली ती दुसऱ्या प्रकारच्या खर्चावर. शेतकऱ्यांच्या संघटना तो तिसऱ्यावर मागतात. वाद मोठा आहे आणि रास्त आहे. पण आपल्यापैकीं किती जणांच्या घरीं पहिल्या प्रकारचा तरी हिशेब लिहिलेला सांपडेल? दुकानदार रात्रीं वही लिहिल्याशिवाय झोंपत नाहीं. आपण मात्र ‘शेतीचा हिशेब करूं नये, केला तर शेती होत नाहीं’ असें हंसून म्हणतों. ज्या धंद्याला वही नाहीं, त्याला घरचीं मुलें धंदा मानीत नाहींत, यांत त्यांचा काय दोष?

मुलाचें बोलणें ऐकल्यावर मी चार दिवस गांवींच राहिलों आणि नुकत्याच काढलेल्या रब्बी ज्वारीच्या तीन एकरांचा हिशेब भावाला बसवून लिहून काढला. पैशांचा खर्च त्याला तोंडपाठ होता. घरच्या माणसांचे दिवस मात्र कोणीं मोजले नव्हते. पेरणीपासून मळणीपर्यंत एकेक काम आठवून ते मांडले, तेव्हां एकंदर ९४ दिवस भरले. त्यांत भावाचे ३१, मुलाचे १२ आणि भावजयीचे ५१. भाऊ गप्प बसला. भावजय दाराआड उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, ‘एवढे दिवस मी रानांत होतें होय?’ या ५१ दिवसांची मजुरी धरल्यावर त्या ज्वारींत नफा उरला नाहीं, उलट थोडी खोटच आली. ती कोणीं सोसली, हें वहीनें सांगितलें. त्यापूर्वीं तें घरांत कोणालाच माहीत नव्हतें, मलाहि नव्हतें. मी तर त्याच ज्वारीचें पोतें घेऊन जाणारा.

दुसरी गोष्ट अधिकाराची, आणि ती ज्येष्ठ वाचकांस कदाचित् रुचणार नाहीं. आपल्यांत बाप हयात असेपर्यंत खातें त्याच्या नांवचें, सोसायटीचें कर्ज त्याच्या नांवचें, ऊसाचें बिल व दुधाचा पगार त्याच्या खात्यांत. मुलगा तीस पस्तीस वर्षांचा झाला, दोन लेकरांचा बाप झाला, तरी कोणतें वाण पेरावें तें बाप सांगणार आणि विकल्यावर पैसे बाप मोजणार. यांत बापाचा लोभ नसतो, काळजी असते, हें मी जाणून आहें. पण मुलाच्या बाजूनें पाहिलें तर ती गड्याची जिणगाणी आहे. गड्याला निदान सालाची रक्कम ठरलेली असते. असा मुलगा नोकरीच्या मागें धांवतो तो कामाच्या आळसानें नव्हे, स्वतःच्या नांवच्या चार पैशांसाठीं धांवतो. यावर वांटणी हाच एक उपाय आहे असें नाहीं. १९६६ च्या महसूल अधिनियमाच्या ८५ व्या कलमानें वाटप करून घेतां येतें. पण जमिनीचे तुकडे वाढणें हेंच आपलें मूळ दुखणें असून त्याकरितां १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा करावा लागला होता. मी सांगतों तें वाटप जमिनीचें नव्हे, अधिकाराचें. एक शेत किंवा एक पीक मुलाच्या हवालीं करावें. पेरणी त्याच्या विचारानें व्हावी, पट्टीचे पैसे त्याच्या खात्यांत जावे आणि त्याचा हिशेब त्यानेंच लिहावा. चुकला तर चुकूं द्यावा. आपणहि चुकूनच शिकलों.

तिसरी गोष्ट बायकांची. पतीच्या हयातींतच पत्नीचें नांव सातबारावर सहधारक म्हणून लावण्याची सोय लक्ष्मीमुक्ति योजनेनें १९९२ पासून आहे. आमच्या कचेरींत असे अर्ज फार थोडे येत. येणारे अर्ज मृत्यूनंतरचे असत, आणि त्यांबरोबर भांडणेंहि येत. जिचे ५१ दिवस जमिनींत गेले तिचें नांव त्या जमिनीच्या कागदावर असावें, यापेक्षां सरळ गोष्ट दुसरी नाहीं. निदान यापुढें कोणत्याहि अर्जावर कारकून ‘घरकाम’ लिहूं लागला तर त्याला थांबवावें व ‘शेती’ लिहावयास लावावें. मीं स्वतः इतकीं वर्षें चुकीचें लिहिलें. मला कोणीं थांबविलें नाहीं.

चौथी गोष्ट बोलण्याची. ‘शिकला नाहींस तर ढोरामागें जावें लागेल, शेती करावी लागेल’ ही धमकी आपल्या घरांतून व शाळांतून रोज दिली जाते. धंदा हा शिक्षा म्हणून सांगितल्यावर पुढें तो वारसा म्हणून गोड लागेल अशी आशा कोणत्या तोंडानें करावी? हुशार मुलगा नोकरीला आणि मागें राहिलेला शेतीला, ही निवड आपण पिढ्यान् पिढ्या केली. वस्तुतः बाजार, हवामान, औषधें, पाणी व कर्ज हीं सर्व एकाच डोक्यांत संभाळावयाचीं असतात, तेथें अधिक हुशार माणूस पाहिजे. आमच्या वडिलांनीं गणिताचा मुलगा शेतांत ठेवला, ही खरें पाहतां शेताच्या हिताची गोष्ट झाली. चूक एवढीच कीं, त्याला तो कमी म्हणून ठेवला असें सांगितलें.

पांचवी गोष्ट तरुणांसाठीं. परीक्षा अवश्य द्याव्या. सव्वातीन एकरांवर दोन भावांचे संसार चालत नाहींत, हें आंकडेच सांगतात. कोणी तरी बाहेर गेलेंच पाहिजे, आणि जाणाऱ्यानें अपराध्यासारखें जाऊं नये. परंतु दोनशेंहून अधिक उमेदवारांतून एक घेतला जातो, हें गणित मनांत धरून प्रयत्नांची संख्या आधींच ठरवावी आणि ती घरांत सर्वांना सांगावी. न ठरवितां घालविलेलीं वर्षें ना नोकरीचीं होतात ना शेतीचीं. आणि त्या वर्षांत शेतांत जें काम होतें त्याला ‘कांहीं नाहीं’ असें म्हणूं नये. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली व पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवर करावयाची झाली. आमच्या घरीं ती नोंद हा मुलगाच करतो. म्हणजे गांवनमुना बाराच्या रकान्यांत आमच्या शेताची हकीकत त्याच्या हातची आहे, आणि तोच विचारल्यावर सांगतो कीं मी कांहीं करीत नाहीं!

आतां घरचें पुढें काय झालें तें सांगून लेख पुरा करतों. भावानें विहिरीखालचे दोन एकर यंदा मुलाच्या हवालीं केले आहेत. तें त्याला जड गेलें. कांद्याऐवजीं मुलानें भाजीपाला धरला, तेव्हां दोन दिवस तो त्या बाजूला फिरकला नाहीं. वही मुलगाच लिहितो, आणि तिच्यांत आईच्या दिवसांचा रकाना त्यानें निराळा पाडला आहे. परीक्षा तो यंदाहि देणार आहे. ही शेवटची, असें त्यानें सर्वांसमक्ष सांगितलें आहे. मीं त्याला अडविलेलें नाहीं. तो पास झाला तर मला आनंद होईल व भावाला अडचण होईल. नापास झाला तर उलट होईल असेंहि मी म्हणूं शकत नाहीं. त्यानें विचारलेल्या प्रश्नाचें पुरें उत्तर मला अजून मिळालेलें नाहीं, पण त्याचा निम्मा भाग आमच्याच घरांत अडला होता, एवढें कळलें.

ज्वारीच्या पोत्याचे पैसे मीं या वर्षीं भावापुढें ठेवले. तो रागावला व ते परत केले. मग मीं ते भावजयीला दिले. तिनें ते ठेवून घेतले व वहींत लिहावयास सांगितले.

आपल्या संघानें पीकवार हिशेबाचा एक सोपा छापील नमुना तयार करून तो या मासिकाबरोबर सभासदांस द्यावा, त्यांत घरच्या माणसांच्या दिवसांचे रकाने स्त्री व पुरुष असे वेगळे असावे, आणि सुगीनंतरच्या सभेंत दहापांच सभासदांनीं तरी आपापले हिशेब वाचून दाखवावे, अशी माझी सूचना आहे. तीत दोष असतील. विशेषतः मुलाच्या हातीं अधिकार देण्याविषयीं ज्येष्ठ वाचकांचा अनुभव माझ्याहून निराळा असल्यास त्यांनीं तो अवश्य लिहून कळवावा. मी जन्मभर दुसऱ्यांचे जबाब लिहिले. हा माझा आहे.